डावीकडून दुसरा खिळा

…नाही, त्या पेटीवर नका बसू साहेब, तिच्यात कोअर आहेत. ह्या स्टुलावर बसा — एक पाय आखूड आहे, पण भिंतीला टेकवलं की धरतं. सही ना? करते की, सहीला काय लागतं. फक्त वाचून करते, माझी खोड आहे ती, मी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा सगळं वाचते, 'थंड जागी ठेवा'पर्यंत. 'स्टोअरमधून दिलेली सर्व साधने योग्य मापाची होती. मुख्य ड्रिलरने अवाजवी जोर लावल्यामुळे रॉड तुटले व भोक सोडून द्यावे लागले.' छान लिहिलंय. अक्षर सुंदर आहे हो तुमचं. आणि ही खाली काकांची सही — केली त्यांनी? आज सकाळी? काही म्हणाले नाहीत? …बरं. काका म्हणजे तेच मुख्य ड्रिलर, इथे सगळेच त्यांना काका म्हणतात. एकतीस वर्षं मशीनवर आहेत आणि एकतीस वर्षांत ह्याआधी एक भोक गमावलेलं नाही. आता ह्या कागदावरून त्यांना मशीनवरून उतरवणार, हो ना? फाटकावर बसवणार, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. नाही, मी आपलं विचारलं. पेन आहे माझं, चालतंय.

ही भिंतीवरची कडी ना? तुम्ही ऑफिसातले, तुम्हाला बांगड्यांचं दुकान वाटत असेल. ही रीमिंग शेल. म्हणजे बघा — आपण खडकात भोक पाडतो आणि आतून दगडाचा अख्खा दांडा काढतो, तो कोअर, त्यावरून खाली काय आहे ते कळतं. एकाला एक जोडत खाली सोडलेल्या नळ्या म्हणजे रॉड, त्यांच्या टोकाला सगळ्यात पुढे बिट, ते कापतं. त्याच्या मागोमाग हे कडं, बाहेरून हिऱ्याचे कण बसवलेले. ह्याचं काम एकच, बिटनं पाडलेलं भोक कडेनं घासत जायचं आणि वरपासून खालपर्यंत सारखं रुंद ठेवायचं. आता घासतं ते झिजतंही. आणि झिजलेलं शेल भोक अरुंद ठेवत जातं, पण त्याचं त्याला कळत नाही — ते स्वतः बारीक झालेलं, ते आपलं आरामात खाली जातं. मागाहून नव्या मापाचं शेल सोडलं की तेव्हा कळतं. अडकतं. थोरल्याच्या सदऱ्यात धाकटा मावतो, पण धाकट्याच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबायचं म्हटलं तर शिवण उसवणारच. म्हणून इथे नियम — सगळ्यात रुंद शेल डावीकडच्या पहिल्या खिळ्याला, मग उतरत्या मापानं, सगळ्यात झिजलेलं उजव्या टोकाला. ड्रिलर डावीकडून उचलत जातो. प्रत्येक शेल वर आलं की ते मोजायचं आणि त्याच्या त्याच्या खिळ्यावर टांगायचं, एवढंच माझं काम. हलकं काम. बाळंतपणानंतर मला हेच दिलं, म्हणाले, उन्हात कशाला फिरताय, बसून करा. मी भूशास्त्र शिकले आहे साहेब, पण ते जाऊ दे, खिळ्यावर कडी टांगायलाही शिकावं लागतंच.

आणि मी नीट करते. म्हणजे मी अशी बाई आहे की गॅस बंद केला का बघायला जिन्यावरून तीनदा परत जाते. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बसते. सासूबाई म्हणतात, अगं, त्याला श्वास घेऊ दे, तू बोट धरतेस म्हणून काही तो श्वास घेत नाही. नवरा म्हणतो, तुझ्याकडे व्हर्निअर दिला हे बरं झालं, निदान घरी आम्हाला मोजणं कमी होईल. हसा, मीही हसते. तेव्हा निष्काळजीपणा वगैरे कुणी माझ्याबद्दल म्हणणार नाही, तुम्ही विचारून बघा. प्रत्येक शेल तीन ठिकाणी मोजते. काकांकडे गेज रिंग असते — एक पोलादी चकती, तिच्यातून शेल जातं की नाही बघायचं, जातंय म्हणजे झिजलं. खाली सोडण्याआधी ते स्वतः बघायचे, एकतीस वर्षं बघत आले. मी आले आणि दोनेक महिन्यांनी त्यांनी बघणं सोडलं. म्हणाले, ताई, आता मी मशीनवर शंका घेईन, खडकावर घेईन, तुमच्या खिळ्यावर नाही. बघा, ह्याला काय म्हणायचं. मी स्वतःवर विश्वास ठेवत नाही आणि हा माणूस ठेवतो. रात्रभर झोप नाही आली मला त्या आनंदानं.

हां, तो दिवस. साधाच दिवस हो. नव्वद मीटरला बिट बदललं, सोबत शेल बदललं, डावीकडून दुसरं. एकशेचाळीसपर्यंत काका सुरळीत गेले. मग पुन्हा बिट बदललं, तिसऱ्या खिळ्यावरचं शेल लावलं, आणि ते नव्वदच्या जरा खालीच अडकलं. काकांना वाटलं भिंत ढासळली असेल, दगडाचे तुकडे आत आले असतील — वाटणारच, कारण भोक अरुंद असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही, खिळ्यांचा क्रम बरोबर होता ना. तर ते फिरवत, पाणी सोडत, हळूहळू दाबत गेले. कुणीही तेच केलं असतं. रॉड आवळले आणि तुटले. चार दिवस आतले रॉड बाहेर काढायचा प्रयत्न केला, मग सोडून दिलं. तीन आठवड्यांचं काम. आता ह्यात अवाजवी जोर कुठे आला? पंचाहत्तर पूर्णांक अडुसष्ट मिलिमीटरचं शेल पंचाहत्तर पूर्णांक बत्तीसच्या भोकात घालायला निघाले होते ते, त्यांना काय ठाऊक की —

काय? नाही, बत्तीस नाही, रजिस्टरात बहात्तर आहे. बहात्तरच आहे, बघा ना, माझंच अक्षर. बत्तीस मी कुठून — मी मोजलं. नंतर. नंतर म्हणजे रॉड तुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते दुसऱ्या खिळ्यावरचं शेल वर आलेलं होतंच, अडकलं ते त्याच्यानंतरचं. मी ते धुतलं आणि मोजलं. …हो, धुतलं. आधी धुतलं नव्हतं.

बसा ना. उठू नका, सांगते. ते शेल खाली सोडलं त्याच्या आदल्या दुपारी जुन्या भोकातून परत आलेली सात शेल टेबलावर होती, चिखलानं माखलेली. मोजण्याआधी धुवायची, ब्रशनं घासायची, पुसायची — हे पहिल्या दिवशी शिकवतात, हे काय सांगायचं असतं. सहा धुतली. सातवं हातात होतं आणि पाळणाघरातून फोन आला, बाळाला ताप आहे, एकशे दोन, लगेच या. मी ते शेल अंगठ्यानं पुसलं. असं. वाळलेला राडा पापुद्र्यासारखा चिकटलेला असतो साहेब, राखाडी, पोलादाच्याच रंगाचा, दिसतही नाही. व्हर्निअर लावला, बहात्तर. मी म्हटलं, वा, चांगलं रुंद आहे अजून. टांगलं डावीकडून दुसऱ्या खिळ्याला आणि धावले. तीन ठिकाणी नाही मोजलं, एकाच ठिकाणी मोजलं. उजव्या टोकाला जायला हवं होतं ते. आणि ताप काही नव्हता, दात येत होता. एक दात. आता हसताना तेवढाच दिसतो आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. स्वतःच्या लेकराचा दात बघवत नाही, अशी कुठली आई असते.

सांगणार होते मी. खरंच सांगणार होते. पण माझ्याआधी इथे दोघी होत्या, दोघींना मूल झालं आणि दोघींबद्दल म्हणाले, लक्ष घरी असतं हो त्यांचं. तिसरी मी. माझं लक्ष घरी नसतं, इथेच असतं, घरीसुद्धा इथेच असतं, फक्त त्या एका क्षणी — तो एक क्षण कुठे दाखवू मी आता? आज सांगितलं तर उद्या ह्या खोलीत कुणी बाई दिसायची नाही. आणि मी घरी बसले तर काय होईल ठाऊक आहे? मी त्या पोराला दिवसभर मोजत बसेन. वेड लागेल मला, आणि त्यालाही.

काकांना माहीत आहे. मला वाटतं माहीत आहे. मी त्या मोरीत उभी राहून शेल घासत होते, हातात ब्रश, पाणी सगळं राखाडी, आणि ते दारात आले. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. म्हणाले, धुतलंत ना ताई, चांगलं केलंत. आणि बाळाचा ताप विचारला. बस. मग आज सकाळी येऊन तुमच्या कागदावर सही केली. आता मला सांगा, माणसानं असं का करावं? ओरडायला काय झालं होतं त्यांना? ओरडले असते तर मी रडले असते, कबूल केलं असतं, मोकळी झाले असते. हा असला चांगुलपणा घेऊन मी कुठे जाऊ?

तुम्ही लिहीत नाही आहात. मी एवढं बोलले आणि तुम्ही पेनाचं टोपणही काढलं नाहीत. काय म्हणता? …अहवाल तयार आहे. ड्रिलरनं मान्य केलंय. कशाला वाढवता, लहान मूल आहे तुम्हाला. हो, आहे. तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय तेही कळतंय. सगळेच माझ्याशी इतके चांगले वागतायत की मला इथून बाहेर पडायला वाट ठेवलेली नाही कुणी. इथे सही केली की संपलं. हो. उद्या डावीकडून शेल उचलायला कुणीतरी नवा येईल, मी त्याला नमस्कार म्हणेन, आणि येताजाता फाटकावर काका माझ्या रिक्षाचा नंबर लिहून घेतील. रोज. सकाळ-संध्याकाळ.

द्या तो कागद. नाही, सहीच्या जागी नाही, इथे, काकांच्या सहीच्या वर जागा आहे थोडी. 'डावीकडून दुसऱ्या खिळ्यावरील शेल न धुता मोजले. नोंद पंचाहत्तर पूर्णांक बहात्तर. धुतल्यानंतर पंचाहत्तर पूर्णांक बत्तीस. मोजणारी मी.' हा तीन तीनच वाटतोय ना? आठ नाही वाटत? अक्षरातही लिहिते, थांबा. झालं. खाडाखोड नाही कुठे. आता ही सही.

घ्या. नाही, मोठ्यानं वाचू नका. पाणीबिणी काही नको मला. काका पंपापाशी असतील, त्यांना काही सांगायचं नाही, माझं मी सांगेन. तुमची गाडी केव्हाची उभी आहे. निघा साहेब. निघा म्हणते ना.