भंडाऱ्याखालचा मेंढा

सयाजी : तर आरतीताई, तुमी पुण्याच्या म्युझियममधल्या, म्हणून तुमालाच बोलावलं. कमिटीचं म्हणणं एकच, जे आसंल ते तोंडावर सांगायचं. आमच्या गजरावहिनीला वाईट वाटंल म्हणून गोड बोलायचं न्हाई.

गजराबाई : माझ्या वाइटाची काळजी तुमी कदीपासून करायला लागला, भावजी?

सयाजी : यात्रा कमिटीचा चेअरमन झाल्यापासून.

आरती : काका, जरा सरका, सावली पडतेय. आजी, हा मुठीएवढा दगडी मेंढा तुमच्या घरी आला कसा?

गजराबाई : मामंजींनी आणला. माझे सासरे, यमाजी. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात खेचरं हाकायला व्हते. तिथं एक चिनी शिपाई हिवतापानं पडला. मामंजींनी त्याला खेचरावर घालून डोंगर उतरवला. निघताना त्यानं कमरंचा हा मेंढा सोडून त्यांच्या हातावर ठिवला. तवापासून देव्हाऱ्यात हाय. आन भैरवनाथाच्या यात्रेला पालखीत फुडं बसतो.

सयाजी : ही एक बाजू झाली. आमचा बाप यमाजीचा सख्खा भाऊ. तो मरंपतूर सांगत व्हता, यमाजी पुण्याच्या फुडं गेलाच न्हाई. मंचरच्या बाजारातनं दगड आणला आन लढाईची गोष्ट चिकटवली. गाव ‘चिनी यमाजी’ म्हणायचं ते काय कौतुकानं? बासष्ट साली चीनची लढाई झाली तवा तर लोकांनी या घरचा चहा बंद केला व्हता.

गजराबाई : चहा बंद केला. साखर मागायला येनं बंद न्हाई केलं.

सयाजी : ताई, चायना माल हाय तो. म्या चायनाचा टॉर्च दिवाळीला घेतला, तुळशीच्या लग्नाला गेला. म्या मोबाईलवर सगळं बघितलंय. तापल्याली सुई टोचायची. वितळलं की प्लॅस्टिक.

आरती : सुई आणलीय?

सयाजी : सुई, लायटर, चाकू. तयारीनं आलोय.

आरती : छान. सगळं खिशातच ठेवा.

गजराबाई : आन खोटा निघाला तर?

सयाजी : तर परवा पालखीत आमचा चांदीचा घोडा बसंल. कमिटीचा ठराव हाय. खोटी वस्तू भैरवनाथाच्या फुडं चालायची न्हाई.

गजराबाई : पोरी, पालखीतला मान गेला तर जाऊ दे. पर हा खोटा निघाला तर मामंजी खोटे निघाले. गेलेल्या माणसाला काय आपली बाजू मांडाया येता येतंय?

आरती : बघू या. आकाराच्या मानानं जड आहे. हाताला गार लागतोय. मान मागे वळवून बसलाय, रवंथ करत असल्यासारखा. आता भिंगातून... अं.

सयाजी : काय झालं?

आरती : खाचांमध्ये पिवळा रंग भरलाय. शिंगांच्या वळणात, कानामागे, सगळीकडे. बनावट करणारे असंच करतात. नवा दगड कोरायचा आणि खाचांत रंग जिरवायचा, म्हणजे जुना वाटतो.

गजराबाई : म्हंजी?

आरती : आजी, मला हे बरं दिसत नाहीये.

सयाजी : (फोनवर) हॅलो, गोकुळ? घोड्याला पॉलिश मार. व्हय, आत्ता! आन बँडवाल्याला सांग, वरात घोड्याची हाय...

आरती : काका, थांबा जरा. आजी, हा वास कसला?

गजराबाई : कुटं?

आरती : मेंढ्यालाच येतोय. जुनी हळद. आमच्या आजीच्या देव्हाऱ्याला असाच यायचा. तुम्ही याला भंडारा लावता?

गजराबाई : लावती म्हंजी? दर आयतवारी तुपाचं बोट आन वर भंडारा. आमी धनगर, खंडोबाची लेकरं. मेंढ्याला भंडारा न्हाई तर काय पावडर लावायची?

आरती : आणि धुता कधी?

गजराबाई : देवाचा भंडारा कोन धुतं?

आरती : मी मंचरची पोर, आणि पिवळं बघून माझ्या डोक्यात चीनचे कारखाने आले! चुकलंच माझं. काका, गोकुळला म्हणावं, पॉलिश थांबव. आजी, हा धुवावा लागेल. कोमट पाणी, मऊ ब्रश. त्याशिवाय खाली काय आहे ते कळणार नाही.

गजराबाई : धुवायचा?

आरती : हो.

गजराबाई : सगळ्यात खालचा भंडारा मामंजींच्या बोटांचा हाय, पोरी.

सयाजी : बघा! पाणी म्हटलं की मागं सरल्या.

गजराबाई : कोन सरतंय? हे घ्या पातेलं. पर पाणी मोरीत टाकायचं न्हाई. वाड्यात मेंढरांवर शिंपडीन. कोकरांना लागंल मामंजींचा हात.

आरती : निघतोय बघा. मुरवलेला रंग असा सुटत नाही. हा सगळा पाण्यात उतरतोय.

सयाजी : पाणी पिवळं झालं, मेंढा हिरवा झाला.

आरती : टॉवेल देता का, आजी... अहो काका! काय करताय?

सयाजी : पोटाखाली जरा चाकू फिरवला. ही बघा रेघ उठली! साबणासारखा मऊ दगड!

गजराबाई : हात झडो तुमचा! देवाच्या पोटावर चाकू?

आरती : आजी, थांबा. काका, त्या रेघेवरनं बोट फिरवा. तुम्हीच फिरवा.

सयाजी : ...गेली.

आरती : दगडावर ओरखडा उठलाच नाही. तुमच्या चाकूचं लोखंड त्याच्यावर उतरलं. आता धार बघा.

सयाजी : नवा चाकू व्हता.

गजराबाई : चायनाचा आसंल.

आरती : ही परीक्षा मी घेणार नव्हते, तुम्ही घेऊन टाकलीत. जेड आहे, चिनी लोक जपतात तो कठीण हिरवा दगड. पण जेड काल कोरलेलाही असू शकतो.

सयाजी : हां! आता कसं बोलला!

आरती : म्हणून या भिंगातून बघा. मशीननं कोरलं की रेघा एकसारख्या येतात. इथं एक खोल, एक उथळ. इथं हात थांबलाय, इथं पुन्हा सुरू झालाय. पूर्वी असंच कोरायचे, पायानं चाक फिरवायचं, त्यावर ओली वाळू सोडायची आणि दगड घासत बसायचं. आणि हे आरपार भोक. दोन्हीकडून पाडत आणलंय, मध्ये जरासं चुकलंय.

सयाजी : चुकलंय म्हंजी डिफेक्ट.

आरती : चुकलंय म्हणजे माणसाचा हात. आजी, तो शिपाई हा कसा बांधायचा म्हणालात?

गजराबाई : कमरंला, दोरीत ववून. मामंजी सांगायचे, दोरी तुटायला आली व्हती.

आरती : भोकाची वरची कड तेवढी झिजून गुळगुळीत झालीय. खालची अजून धारदार आहे. पिढ्यानपिढ्या दोरीवर लोंबकळल्याशिवाय जेड असा झिजत नाही. काका, हा दोनशे वर्षांपेक्षा नवा नाही. काम चीनमधलं आहे.

सयाजी : म्हंजी चायना मालच.

आरती : अस्सल चायना माल.

सयाजी : पर मंचरच्या बाजारात कुनी इकाया आणला आसंल...

आरती : मी मंचरला वाढले, काका. तिथं कांदे-बटाटे मिळतात.

गजराबाई : ऐकलं? मी लगीन होऊन आले तवापासून या घराला चिनी म्हणतायसा. परवा पालखी उचलायच्या आधी सांगायचं, यमाजी खरं बोलत व्हता. माईकवर.

सयाजी : माईकवर?

गजराबाई : एरवी हातातनं सुटतोय का तो तुमच्या?

सयाजी : सांगतो. तसं बघितलं तर यमाजी माझा सख्खा चुलता. रक्त एकच हाय. मला आतनं वाटतच व्हतं.

गजराबाई : लई आत व्हतं म्हणायचं.

आरती : काका, भिंग बाहेर काढलंच आहे. तुमचा चांदीचा घोडाही आणा, बघून टाकते.

सयाजी : घोडा? नको नको. हात लागला की काळा पडतो.

गजराबाई : चांदीचा का?

सयाजी : म्या बँडवाल्याला फोन लावतो. मेंढा म्हटल्यावर मोठा बँड पायजे.

आरती : आजी, एक सांगू? आता याला काही लावू नका. म्युझियममध्ये आम्ही असा स्वच्छच ठेवतो.

गजराबाई : ती भंडाऱ्याची वाटी दे इकडं.

आरती : ...बरं. निदान तूप कमी लावा.

गजराबाई : थोडंच लावती. मामंजी, परवा फुडं तुमीच.