पूर्ण वाक्याचा वेग

नाही, आधी हे मिटवू या, कारण मगापासून तुम्ही सगळे तो शब्द चुकीचा वापरताय आणि मला ते ऐकवत नाही. 'सावकाश' म्हणजे 'हळू' नव्हे! हळू गोगलगाय असते. हळू आमच्या शाळेतला संगणक असतो. सावकाश म्हणजे अवकाशासहित... ज्यात जागा शिल्लक ठेवली आहे असं. सावकाश जेवणारा माणूस हळू जेवत नसतो, तो दोन घासांच्या मध्ये जागा ठेवतो. आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही शर्यतीचं सांगणार होतात, शब्दकोश कुठं उघडून बसलात? अहो, तेच तर सांगतोय. या एका शब्दापायी मी वर्षभर रस्त्यानं एकटाच बडबडत धावलो, आणि त्याच शब्दानं मला मागच्या गाडीपासून वाचवलं.

मागची गाडी ठाऊक नाही? सुखी आहात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळ्यांच्या शेवटी एक गाडी येत असते, हळू... बघा, इथं 'हळू' बरोबर आहे... कारण ठरलेल्या वेळेला रस्ता वाहनांना मोकळा करून द्यायचा असतो, आणि तोवर जे रेंगाळलेले असतात त्यांना ही गाडी भाजी वेचावी तशी वेचत येते. गेल्या वर्षी तिनं मला वेचलं. गाडीचा चालक मोठा शांत माणूस, काच खाली करून म्हणाला, "बसा साहेब, शेवटी सगळे बसतातच." काय वाक्य आहे! इतर वेळी मी ते फळ्यावर लिहिलं असतं. त्या दिवशी मुकाट्यानं आत गेलो आणि रिकाम्या बाटल्यांच्या दोन गोण्यांच्या मध्ये तिसऱ्या गोणीसारखा बसलो.

बरं, गाडीनं मला कोपऱ्यावर कुठं तरी सोडावं की नाही? छे! थेट शेवटच्या रेषेपाशी नेऊन उभी केली. दार उघडलं. ध्वनिक्षेपकावरच्या गृहस्थाला वाटलं, कुणी पाहुणे आले. त्यानं माझं स्वागत केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, माझी मुलगी कौतुकानं मोबाईलवर टिपत होती, ती टिपता टिपता थांबली, आणि शेजारी माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, केव्हाचा पोचून, अंग पुसून, केळं सोलत उभा होता. ते चित्रण त्यानं भाचीकडून मागून घेतलं. झालं! तेव्हापासून घरात चार माणसं जमली आणि चहा आला की मेव्हणा मोबाईल काढतो. "आमचे भाऊजी गाडीनं आले, ते बघितलंत का?" सगळे हसतात. मीही हसतो. पण माणसानं हसायचं तरी किती वेळा? एकदा हीदेखील हसली, आणि माझ्याकडे बघून चटकन कप उचलायला आत गेली... ते मला लागलं हो. त्याच क्षणी ठरवलं. पहिलं यायचं नाही, तो प्रश्न निसर्गानंच निकालात काढलाय. मेव्हण्याला हरवायचं नाही. फक्त त्या गाडीत बसायचं नाही. एवढंच मागणं.

दुसऱ्या दिवसापासून जीव खाऊन धावायला लागलो. मेव्हण्याचाच उपदेश होता, "भाऊजी, दम लागला नाही तर ते धावणं कसलं?" त्याच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते त्याच्याशी बोलतं, आणि तो त्याचं ऐकतो, थोरल्या बहिणीचं ऐकत नाही तेवढं ऐकतो. मी रोज कालच्यापेक्षा जोरात. रोज तोंडाला फेस. महिन्याभरात पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की वर्गात फळ्याकडे वळलो की पुन्हा मुलांकडे वळायला वेळ लागायचा, आणि वेग? वेग होता तिथंच!

शेवटी आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत लंगडताना धरलं. या बाई पहाटे मैदानावर मोठ्या माणसांना धावायला शिकवतात. बोलणं तोलूनमापून, शिट्टीसारखं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही रोज परीक्षाच देताय. अभ्यास कधी करणार?"

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी हेच मुलांना विचारत आलो, आणि कुणी मला विचारेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी नियम सांगितला. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाश धावायचं. किती सावकाश? बोलता आलं पाहिजे. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटलं, की वेग जास्त झाला असं समजायचं. साधा नियम. मी म्हटलं, "कोणतं वाक्य? केवल, मिश्र की संयुक्त?" बाईंनी शिट्टी गळ्यात अडकवली. म्हणाल्या, "कुठलंही, सर."

इथं माझा घात झाला. कुठलंही कसं? 'मी धावतो' हे काय वाक्य आहे? असलं वाक्य तर बुडणारा माणूसही बोलेल! मी मिश्र वाक्य धरलं. एक प्रधान वाक्य, त्याला निदान तीन पोटवाक्यं, आणि शेवटी क्रियापद येईपर्यंत श्वास पुरला पाहिजे... करून बघा कधी. त्या हिशेबानं माझा वेग इतका उतरला की दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेले आजोबा मला मागं टाकून जायला लागले. बाळाची गाडी ढकलणाऱ्या एक बाई शेजारून गेल्या आणि वळून आपुलकीनं विचारलं, "काका, पत्ता शोधताय का?" कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं हिला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सांगितलं की सर हल्ली रस्त्यानं एकटेच बोलतात. ही म्हणाली, "घरातही तेच करतात, फक्त बसून."

पण बोलता आलं पाहिजे! एकट्यानं किती बोलणार, म्हणून बाईंनी मला त्यांच्या गटात घेतलं. पहिल्या दिवशी एका बँकेतल्या गृहस्थांशी जोडी लावली. मी त्यांना 'दम' या शब्दाविषयी सांगायला घेतलं. दुसऱ्या पोटवाक्याशी आलो तर गृहस्थ पुढं. पुढच्या आठवड्यात एक शिंपी, त्याच्या तर पायांना चाकंच फुटली. मग एक दंतवैद्य बाई, ज्या स्वतः लोकांच्या तोंडात अवजारं घालून तासभर बोलतात... त्याही पुढं! महिन्याभरानं पी.टी.च्या बाई म्हणाल्या, "सर, गंमत आहे. तुमच्या जोडीला दिलेला प्रत्येक माणूस सुधारतोय." मला काय वाटावं? मला वाटलं, माझी प्रेरणा. शिक्षकाचा परिणाम असतोच, नाही का?

आणि एक दिवस काय झालं, मी नेहमीसारखा बोलत बोलत चाललो होतो, वाक्य चांगलं लांबलचक, कुठंही तुटलेलं नाही, आणि शेजारून दुधाचे आजोबा मागं गेले. मागं! मी थांबून बघितलं. ते काही उभे नव्हते, ते त्यांच्या वेगानंच येत होते... माझाच वेग वाढला होता आणि श्वासाला कळलंसुद्धा नव्हतं. आजोबा म्हणाले, "आज घाई दिसतेय." तुम्हाला सांगतो, सत्कारातल्या शालीपेक्षा ते वाक्य मला ऊबदार वाटलं.

तर शर्यतीचा दिवस. सुटताच मेव्हणा बाणासारखा गेला. घड्याळ त्याला हाकलत होतं. मी माझ्या वाक्यानं निघालो. निम्मं अंतर झालं, बोलता येत होतं. त्याच्या पुढंही येत होतं. मग मागून ओळखीची घरघर ऐकू आली. गाडी! तोच चालक, तीच काच खाली. "साहेब, जागा आहे." मी त्याला, धावता धावता, म्हणालो, "ज्या गाडीत बसल्यावर माणसाला घरच्यांपुढं वर्षभर हसावं लागतं, त्या गाडीत, जोवर माझ्या तोंडून शब्द फुटतोय तोवर, मी बसणार नाही." एका दमात! त्यानं मान डोलावली आणि गाडी दोन हात मागं घेतली.

आणि पुलाच्या चढावर बघतो तर काय, रस्त्याच्या कडेला, पाय पसरून, आमचा मेव्हणा. चेहरा चुन्यासारखा. घड्याळ बोलत होतं, तो काही बोलत नव्हता. मला बघून एकेक शब्द वेगळा टाकत म्हणाला, "भाऊजी... मी... गाडीनं... येतो."

आता खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मोबाईल खिशात होता. माझा हात खिशात गेला होता! वर्षभराचा चहा एका चित्रणात वसूल झाला असता. पण मागं गाडी दिसली, गाडीतल्या गोण्या दिसल्या, आणि गोण्यांच्या मधली ती रिकामी जागा दिसली. हात बाहेर काढला, तोच त्याला दिला. म्हटलं, "ऊठ. सावकाश चल."

तो उठला. आणि कपाळकरंटा म्हणाला, "हळूच जाणार, भाऊजी, दुसरं काय."

हळू? मला राहवेना. मी म्हटलं, हे बघ, हळू आणि सावकाश यांत जो भेद आहे तो समजून घेतल्याशिवाय... आणि सुरू झालो. तो चालायला लागला. मी अवकाशावर आलो. तो जरा भरभर चालायला लागला. मी जेवणाचं उदाहरण घेतलं. तो धावायला लागला! "भाऊजी, पाया पडतो, घरी बोलू." घरी कसं? विषय अर्धा राहिला होता, मी मागोमाग. तो मागं बघायचा आणि वेग वाढवायचा, मी नवं पोटवाक्य जोडायचो, आणि आमच्या दोघांच्या मागं ती गाडी... असे आम्ही पूल उतरलो आणि रेषा ओलांडली. आधी तो, मग मी, मग गाडी. गाडीचं दार उघडलं. आत फक्त गोण्या. त्या क्षणी माझ्या छातीवरून जे काही उतरलं ना, त्याला शब्द नाही; आणि मी शब्दांचा माणूस आहे. ही समोर उभी होती. हसत होती. या वेळी मला बघून कुठं आत गेली नाही.

आता ही गोष्ट घरोघर फिरतेय आणि सगळीकडे चुकीची फिरतेय, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगितली. ही सांगते, "यांनी माझ्या भावाला हाताला धरून आणलं." मेव्हणा सांगतो, "मी भाऊजींसाठी थांबलो होतो." दोन्ही चूक. मुलीनं यंदा रेषेपाशी काढलेलं चित्रण बघा, आवाज मोठा करून बघा. तो शर्यत धावत नाहीये. तो माझ्यापासून पळतोय.

हे पी.टी.च्या बाईंनी पहिल्यांदा ओळखलं. परवा शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "सर, पुढच्या वर्षी तुम्ही सगळ्यांच्या शेवटी धावायचं. बोलत. जे रेंगाळतील, त्यांच्या शेजारी जायचं." मी विचारलं, "आणि गाडी?" म्हणाल्या, "गाडी कशाला लागेल?"

म्हणजे बघा... ज्या मागच्या गाडीत बसायचं नाही म्हणून वर्षभर घाम गाळला, ती गाडी आता मीच आहे. चला, उठताय का? सावकाश.