गोठ्याच्या बातमीतलं सुदैव

जुन्या वर्तमानपत्रांत 'सुदैवाने' हा शब्द किती येतो, सांगू? भिंत पडो, एसटी उलटो, गवताच्या गंजीला आग लागो, शेवटचं वाक्य ठरलेलंच: सुदैवाने जीवितहानी झाली नाही. वाचनालयात बसून मी असल्या बातम्या उतरवून घेतो, हे मंगळवार पेठेतल्या दत्तूमामा गवळ्यांना कळलं. म्हणाले, "आमचा गोठा पडल्याची बातमी घावली तर वाचून दाखव की. आमची गंगी म्हस गेली त्यात. तिचं नाव आलंय का बघू."

बातमी सापडली. उतरवून नेली आणि मामांना वाचून दाखवली: "मंगळवार पेठेत गोठ्याची भिंत कोसळून एक म्हैस दगावली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही."

"आन् गंगीला जीव न्हवता व्हय?"

"मामा, जीवितहानी म्हणजे माणसांची. छापायची रीतच आहे ती."

"आरं, पर मी कसा वाचलो? तिच्या आडोशाला धार काढत बसलतो. सगळी भिंत तिनं अंगावर घेतली." मामांनी माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "सुदैव खोड त्यातलं. गंगीमुळं, असं लिव."