आप्पाकाकांनी उघडलेले डोळे

माझ्यासमोर आप्पाकाकांचं नाव काढू नका, चहा कडू लागेल मला.

रोह्याचे आमचे सर तैलरंगातलं व्यक्तिचित्र शिकवतात. एका जुन्या परदेशी चित्रातली म्हातारी त्यांनी मला हुबेहूब काढायला दिली होती. तिची नजर खाली, पापण्यांवर सावली. त्या एवढ्याशा सावलीसाठी मी चार महिने घासले. मग घरात जागा नाय म्हणून चित्र वाळायला हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात ठेवलं. तिथंच चुकलं माझं.

सकाळी बघते तर म्हातारी माझ्याकडे टक लावून बघतेय. टपोरे डोळे, काळीभोर रेघ, बुबुळात पांढरा ठिपका. आमच्या सगळ्या मूर्तींचे डोळे काकाच आखतात, त्यामुळे हात ओळखायला वेळ लागला नाय.

"काका, हे काय केलंत?"

"डोळे राहिलेले गो. आखून टाकले."

"राहिले नव्हते. ती खाली बघत होती."

"खाली काय हाय बघायला? गिऱ्हाईक समोर उभं असतं."

मी तोंडाला येईल ते बोलले. काका समोरच्या मूर्तीचे डोळे आखत बसले होते. शेवटी मी चित्र उचललं आणि भिंतीकडे तोंड करून आपटलं, तेव्हा मात्र ते उठले.

"मला काय बोलायचं ते बोल. पण तिला भिंतीकडं नको ठेवू. आता डोळे उघडलेत तिचे."

पंधरा दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलत नाय. आणि खरा संताप कसला येतो सांगू? चित्र परत सरळ करून ठेवलंय, तेही मीच.