चौदा किलो जास्त

(कारखान्यातली दवाखान्याची खोली. दुपारचे अडीच. चार वाजता मैदानावर खात्याखात्यांमधली रस्सीखेच आहे.)

कॅप्टन : काटा तुमचा बिघडलाय, सिस्टर. आमच्या गोदामाचा संघ पाचशे अठ्ठ्याण्णव किलो आहे. काल मी स्वतः एकेकाला उभं करून मोजलंय.

सिस्टर : आणि माझ्याकडे भरला सहाशे चौदा. वीस किलोचं माप ठेवून बघितलं, काटा वीसच दाखवतो. आठ जणांचं मिळून सहाशे, त्यावर एक किलोही चालत नाही. नियम मी केलेला नाही.

कॅप्टन : मग कालच्या रात्रीत कुणीतरी फुगलं. कोण, ते विचारायलाच नको. वहिनी, एक दिवस हात आवरून जेवला असतात तर काय बिघडलं असतं?

वहिनी : मी तुमच्या काट्यावर ब्याऐंशी होते, इथं चौऱ्याऐंशी भरले. तुम्ही तिथं चौऱ्याहत्तर, इथं शहात्तर. बाकीचे सहा जणही दोन-दोन किलोंनीच वाढलेत. सगळे ठरवून सारखंच जेवले म्हणायचे, भावोजी.

कॅप्टन : काट्याचं मला शिकवू नका. बारा वर्षं त्याच्यापुढं बसतोय मी.

वहिनी : बसताय ते दिसतंच. माल प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो, म्हणून तुम्हीच तो काटा क्रेटचे दोन किलो आपोआप वजा करेल असा लावून ठेवलाय ना? काल आम्हाला वर उभं केलंत, तेव्हा आमच्याखाली क्रेट कुठं होतं?

सिस्टर : अगं बाई. आठ दुणे सोळा.

वहिनी : माणसं आहेत, माल नाही, एवढं तरी लक्षात ठेवायचं होतं.

कॅप्टन : बरं, झालं ते झालं. एक माणूस काढायचा, राखीव आहे तो घ्यायचा. बिलिंगमधली मुलगी अठ्ठावन्न किलोची आहे. वहिनी, तुम्ही बसा. चौऱ्याऐंशी गेले, अठ्ठावन्न आले, संघ पाचशे अठ्ठ्याऐंशी. मिटलं.

सिस्टर : तुम्ही बसलात तरी मिटतं. शहात्तर गेले, अठ्ठावन्न आले, पाचशे शहाण्णव.

कॅप्टन : मी? सिस्टर, मी कॅप्टन आहे. नऊ वर्षं दोराला पहिला हात माझा असतो. कॉलेजात आठशे मीटरमध्ये जिल्ह्यात दुसरा आलेला माणूस आहे मी. शरीर म्हणजे काय, खेळ म्हणजे काय, ते मला कळतं. यांना जिना चढायला सांगा, मधल्या वळणावर थांबून कठडा धरतात.

वहिनी : दोन्ही हातांत खोकी असतात म्हणून थांबते. आणि कठडा धरायला तिसरा हात मला नाही. तुम्हाला कुठून दिसणार, तुम्ही लिफ्टनं जाता.

कॅप्टन : तोंड चालतं तेवढे पाय चालले असते तर बरं झालं असतं. खरं बोललं की राग येतो. मैदानावर साहेब लोक बसणार, दुसऱ्या खात्यांची माणसं असणार. आपला संघ उतरला की सगळ्यात आधी नजर कुठं जाते? टोकाला. तिथं कोण? तर तुम्ही. मागच्या वर्षी पेंटिंगवाल्यांनी विचारलं होतं मला, कॅप्टन, यंदा ट्रक बांधणार का दोराला? मला मान खाली घालावी लागली.

वहिनी : मागच्या वर्षी मी दोराला नव्हतेच. पाण्याच्या बाटल्या वाटत होते. त्याच्या आदल्या वर्षी पण आणि त्याच्या आदल्या वर्षी पण. पेंटिंगवाल्यांनी विचारलं, तेव्हा सांगायचं होतं ना, ती माझी वहिनी आहे म्हणून.

कॅप्टन : ते सांगितलं असतं तर आणखी हसले असते.

सिस्टर : कॅप्टन, जरा जिभेला आवर घाला. दवाखाना आहे हा.

वहिनी : बोलू द्या त्यांना. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. पण यंदा मी बसणार नाही. चार महिने सुट्टीच्या वेळात मालाच्या हातगाडीला दोर बांधून ओढलाय मी. आधी रिकामी, मग भरलेली. पाय कसा रोवायचा, पाठ कधी टाकायची, सगळं माझं मी शिकले. संघातल्या पोरांनी येऊन सांगितलं, काकी, टोकाला तुम्हीच पाहिजे. तेव्हा कुठं तुम्ही माझं नाव लिहिलंत, तेही कपाळाला आठ्या घालून.

कॅप्टन : पोरांना काय कळतं? जाड म्हणजे जड, आणि जड म्हणजे ताकद, एवढंच त्यांचं शास्त्र.

सिस्टर : तुमचं तरी वेगळं काय आहे? जाड म्हणजे आजारी आणि बारीक म्हणजे ठणठणीत. हे बघा, यांची बांधणी मुळातच रुंद आहे. आठशे मीटर पळायला सांगितलं तर यांचे गुडघे बोलतील. पण दोराच्या टोकाला अशीच बांधणी लागते. दिवसभर उचलाउचल करतात, नाडी सहासष्ट, रक्तदाब सरळ. साखर तेवढी काठावर आहे. वहिनी, त्याचं मी तुम्हाला सांगितलंय, ते मनावर घ्या. वजन थोडं उतरवायलाच हवं.

वहिनी : घेतलंय मनावर. साखर सोडलीय चहातली.

कॅप्टन : वा. चहातली साखर सोडली. पुतळा उभारा.

सिस्टर : आता तुमचा हात द्या इकडं.

कॅप्टन : माझा कशाला?

सिस्टर : तपासल्याशिवाय मी कुणालाच दोराला हात लावू देत नाही. दोन वर्षं तुम्ही फॉर्म बाहेरूनच पाठवलात, वर लिहून, प्रकृती उत्तम. सही पण तुमचीच.

कॅप्टन : कारण उत्तमच आहे. माझ्या लग्नातला कोट मला अजून होतो.

वहिनी : बटणं लावून?

कॅप्टन : तुम्ही गप्प बसा.

सिस्टर : शर्ट वर घ्या. कंबर मोजू दे. पोट आत ओढू नका, सोडा... एकशे तीन सेंटीमीटर. हातपाय काड्यांसारखे आणि सगळं पोटात साठवलंय. बारा वर्षं खुर्ची, येताना गाडी, वर जायला लिफ्ट. शेवटचं कधी पळालात?

कॅप्टन : ...पाया पक्का असतो एकदा खेळलेल्या माणसाचा.

सिस्टर : वर्ष विचारलं मी.

कॅप्टन : धाकटा झाला तेव्हा. हॉस्पिटलच्या गेटपासून वॉर्डापर्यंत.

वहिनी : तो आता नववीत आहे.

सिस्टर : हात सैल सोडा. बोलू नका... परत एकदा बघते. दुसऱ्या हातावर.

कॅप्टन : काय झालं? तुमचं हे पण मशीन बिघडलंय का?

सिस्टर : एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे बारा. दोन्ही हातांना जवळजवळ तेवढंच. कॅप्टन, नीट सांगा. काही होतंय का तुम्हाला?

कॅप्टन : काही नाही. सकाळपासून जरा डावा खांदा भरून आलाय. सरावानं.

वहिनी : सरावाला तुम्ही शिट्टी वाजवत उभे होतात, भावोजी. दोराला हात नाही लावलात.

कॅप्टन : मग उशी लागली असेल. छातीवर जरा दडपण आहे, ते तर स्पर्धेच्या दिवशी असतंच. सिस्टर, तुम्ही सही करा. चार वाजता दोन झटके मारतो आणि मग तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे जातो. शब्द दिला.

सिस्टर : मी सही करणार नाही. आणि दोराचं राहू द्या, तुम्ही आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचंय. मी अँब्युलन्स बोलावतेय. आणि ही गोळी चावा. गिळू नका, चावा.

कॅप्टन : म्हणजे मी बाहेर आणि या टोकाला. व्वा. सगळ्या मैदानासमोर. लोक काय म्हणतील? फिट माणूस दवाखान्यात आणि हत्तीण दोराला.

वहिनी : म्हणू द्या. तुमचे दादा पण तुमच्यासारखेच होते. सडसडीत. पंचेचाळीस वर्षं वय आणि लग्नातल्याच मापाची पँट. दिवसभर कारकुनी, संध्याकाळी आरामखुर्ची. चालायला चला म्हटलं की म्हणायचे, तू चाल, गरज तुला आहे. ते गेले तेव्हा सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, हिनं नवऱ्याच्या वाटचं खाल्लं. तुम्ही शेजारी उभे होतात. एक शब्द बोलला नाहीत. उलट मान हलवलीत. मी बघितलं होतं.

कॅप्टन : त्या दिवशी कोण काय बोललं, मला आठवत नाही.

वहिनी : मला आठवतं. म्हणून सांगते, आज मी दोराला उभी राहणार. तुम्ही जा तुमच्या गाडीत. तुम्हाला बसायची सवय आहेच.

सिस्टर : अँब्युलन्स पाच मिनिटांत गेटवर येते. सोबत कुणीतरी जायला हवं. मला इथून हलता येत नाही, बाकीच्या खात्यांची तपासणी व्हायचीय.

कॅप्टन : नको कुणी सोबत. घरी फोन करू नका, उगाच घाबरतील. मी जातो एकटा. संघाला सांगा, डोकं दुखत होतं म्हणून... वहिनी.

वहिनी : काय?

कॅप्टन : दादाला... त्या दिवशी त्याला खांद्यातच दुखत होतं का?

वहिनी : खांद्यात. मग जबड्यात. म्हणाले, पडून राहतो जरा, तू जा कामाला.

कॅप्टन : आणि तुम्ही गेलात.

वहिनी : गेले. तिसऱ्या पाळीला होते.

कॅप्टन : माझा जबडा पण भरल्यासारखा वाटतोय, वहिनी. मला भीती वाटतेय.

वहिनी : सिस्टर, त्या बिलिंगच्या मुलीला निरोप द्या, म्हणावं तयार राहा. आणि माझे ते दोराचे बूट काढून ठेवलेत कोपऱ्यात, ते राहू द्या तिथंच, चपलांवरच जाते. भावोजी, उठा. सावकाश. घ्या, खांद्यावर हात टाका माझ्या. सगळा भार टाका, मला काही होत नाही.

कॅप्टन : अहो, पण चार वाजता... तुम्ही चार महिने ओढलंत. तुम्ही गेलात तर टोकाला कोण? हरेल संघ.

वहिनी : हरू द्या. दोराला अजून सात माणसं आहेत. सासूबाईंना एकच उरलाय.