इंदूरहून कोणी आलं का?

तुम्हाला पेणच्या सुमनकाकींचं सांगितलं का मी? त्यांचा गणपतीचा कारखाना आहे आणि मूर्तींचे डोळे त्या स्वतः रंगवतात. रोह्याला मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघीच वेबसाइट बनवतो ना, तशी काकींचीही बनवली. ती सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्यांचा फोन. ऑर्डरचं नावच नाही. एकच प्रश्न, "काल कुठकुठली माणसं येऊन गेली गो?"

वेबसाइट कुठल्या गावातून उघडली ते आम्हाला स्क्रीनवर दिसतं, ती गावं मी वाचून दाखवायचे. पनवेल, पुणे, सुरत.

"आणि इंदूर?"

इंदूरहून कधीच कोणी नसायचं. शेवटी मी विचारलंच, "तिकडे गणपती पाठवायचाय का?"

"नाय गो. लेक हाय तिथं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मीच बोलले, परत तोंड दाखवू नको. तीन वर्षं झाली."

परवा यादीत इंदूर दिसलं. मीच धावत फोन लावला. "काकी, काल दुपारी इंदूरहून कोणीतरी आलं होतं!"

"काय बघितलं तिनं?"

"कोण होतं ते कळत नाही, काकी. पण बाकी काही उघडलं नाही. फक्त तुमचा फोटो आहे ते पान. नऊ मिनिटं."

काकींनी अगदी हळू विचारलं, "आता हाय का गो ती तिथं?"

मी पुन्हा स्क्रीनवर इंदूर शोधू लागले.