नर्सबाई बसवायची कुठं

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं, दिली पोलादपुरात, डोंगरावरल्या वाडीत, नवरा मुंबयला, मी गुरांमागं नि नाचणीच्या शेतात, असेच दिस गेले. काय सांगू तुम्हाला, माझी पयली लेक धनुर्वातानं गेली, बारसं पण नाय झालं, जबडा मिटला तो मिटला, माझी छाती भरलेली नि पोर उपाशी. अजून दिसते मला ती. तेव्हा पोटुशीला धनुर्वाताची सुई टोचायला कोण वर चढतच नव्हतं.

मग लेकाचं लगीन झालं, सुनेला दिवस गेले, नि तेव्हाच महाडकडून सरकारी माणसं आली, बोलली, नर्सबाई दर महिन्याला वर येईल, कुठं बसायचं, कधी बसायचं ते गावानं ठरवा. गाव म्हणजे कोण, बाप्ये. आमचे आबा, माझे चुलत सासरे, वाडीत त्यांचा शब्द, ते बोलले, देवळात बसवा, सभामंडप मोठा हाय, सावली हाय. चांगल्या मनानं बोलले हो. नर्सबाई घाम पुसत आली, देवळात बसली, एक बाई गेली नाय. पुढल्या महिन्याला पण तेच. मग गावच्या बैठकीला आलेले सरकारी साहेब बोलले, तुमच्या बायकांनाच नको तर तिला कशाला दमवायची, बंद करू.

बंद ऐकलं नि माझं डोकंच फिरलं. सुनेला सातवा लागलेला, सुई अजून नाय. मी बैठकीत कडेला बसलेली, डोक्यावर पदर घेतला नि उठले. बोलले, आबा, सातवा लागला की बाई देवळाची पायरी चढत नाय, बाळंतीण सव्वा महिना चढत नाय, मग नर्सबाईनं तिथं सुई टोचायची कोणाला, देवाला?

आबा बोलले, अगो सूनबाई, हे आधी का नाय बोललीस? मी बोलले, विचारलं कधी? ते बोलले, मग बसवायची कुठं? मी बोलले, माझ्या पडवीत. आबा बोलले, बाळंतिणी येतील, घराला विटाळ होईल गो. मी बोलले, होऊ दे, पोरांच्या जिवापेक्षा माझी पडवी मोठी नाय. नि सकाळची नको, दुपारची, आम्ही गुरं फिरवून आल्यावर.

साहेब कबूल झाले. पडवीत पयली सुई माझ्या सुनेला, मागून सगळ्या बाया आल्या, आबांची नातसून पण. नात झाली. बारशापर्यंत मी तिच्या तोंडाकडंच बघत होते, दूध ओढते का, ओढते का. ओढत होती. बारशाला पाळण्याचं गाणं मला म्हणवेना, नुसती रडले.

आता वाडीत काय ठरवायचं झालं तर आबा आधी मला बोलावतात. नर्सबाई यायच्या दिवशी मी अजून पडवी सारवते. नात शेण कालवून देते, विचारते, आजी, आज कोण येणार? मी बोलते, सगळ्या येणार गो, सगळ्या.